दोन वाजून वीस मिनिटांचा मिस्ड कॉल

१

बुधवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मास्तरांनी आपलं औषध घेतलं, असं माझ्या स्क्रीनचं म्हणणं होतं.

शिंपीकाम करणारे हे मास्तर त्या वेळी माझ्यापासून पंधरा पावलांवर होते. वॉर्डातल्या तिसऱ्या खाटेवर, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून, अर्धवट शुद्धीत. सोमवारी संध्याकाळी त्यांना दोघांनी उचलून आणलं होतं. चमचाभर पाणी स्वतःच्या हाताने पिण्याचं त्राण त्यांच्यात नव्हतं आणि फोन तर त्यांच्याजवळ नव्हताच. तरी माझ्या डोळ्यांदेखत त्यांच्या नावापुढचा चौकोन हिरवा झाला. मी चष्मा पुसला, पुन्हा लावला. चौकोन हिरवाच.

मी या आरोग्य केंद्रातला नोंदणी कारकून. खिडकीच्या आत मी, बाहेर रांग. क्षयाच्या रुग्णांची सगळी नोंद माझ्याकडे. पद्धत सोपी आहे. रुग्णाला महिन्याच्या गोळ्यांचं पाकीट मिळतं, दिवसाला एक कप्पा. कप्पा फोडून गोळ्या काढल्या की मागच्या पुठ्ठ्यावर लपलेला एक फोन नंबर दिसतो, प्रत्येक कप्प्यात वेगळा. गोळ्या गिळायच्या आणि त्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. यंत्र एका रिंगमध्ये फोन कापतं, रुग्णाला काही खर्च नाही, आणि त्याचा त्या दिवसाचा चौकोन माझ्या स्क्रीनवर हिरवा होतो. कॉल आला नाही की चौकोन लाल.

कप्पा फोडल्याशिवाय नंबर कळत नाही, म्हणून इथे थापा चालत नाहीत. सकाळी सातला सगळ्यांच्या फोनवर आठवणीचा निरोप जातो, तोही माझ्याच आवाजात: ‘आजचा कप्पा फोडा, गोळ्या घ्या, मिस्ड कॉल द्या. औषध दुसऱ्याला दिल्यास आपलं नाव रद्द होईल.’ शेवटचं वाक्य मी पदरचं घातलं होतं. जरा वचक बसतो.

सिस्टर मला हिरवेभाऊ म्हणते, कारण हिरव्या चौकोनांनी भरलेली स्क्रीन बघत मी तासन्‌तास बसू शकतो. बसतोच. माझ्याकडे खाडाखोड नाही, अर्धवट अर्ज नाही, एका नंबरवर दोन नावं नाहीत. ज्याचं काही अपुरं असेल त्याला मी काय आणायचं ते चिठ्ठीवर लिहून देतो, वर शिक्काही मारतो. साहेबांनी एकदा तपासणीला येऊन माझं कौतुक केलं होतं, ते मी घरात अजून सांगतो.

तर हा चौकोन. मी उठलो आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेलो. डॉक्टर मास्तरांचेच कागद भरत होते.

‘‘बरं झालं आलात. मास्तरांची नोंद छापून द्या. उद्या सकाळी आठच्या गाडीने त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवतोय.’’

‘‘एवढं वाढलंय?’’

‘‘सत्तर दिवस औषध चाललंय. दाखल होईपर्यंत तुमच्या नोंदीत एक दिवस चुकलेला नाही आणि तरी माणूस खंगत चाललाय. याचा अर्थ एकच. त्याच्या छातीतले जंतू या गोळ्यांना दाद देत नाहीत. आता जड औषध, दीड वर्ष. त्यात कान जातात, मूत्रपिंडं दमतात, आणि हा माणूस आत्ताच निम्मा झालाय. तपासणीचा निकाल यायला तीन आठवडे लागतील, तेवढा वेळ त्याच्याकडे नाही. मला जे समोर आहे त्यावरच ठरवायचंय.’’

समोर होती माझी नोंद. माझ्या हिरव्या चौकोनांवर विसंबून एका माणसाला उद्या विषासारखं औषध सुरू होणार होतं.

‘‘डॉक्टर,’’ मी म्हणालो, ‘‘मास्तरांनी आत्ता पाच मिनिटांपूर्वी गोळी घेतली.’’

२

यंत्र बिघडलं असेल म्हणून डॉक्टरांनी समोरच्या दुकानातून चिमटाताईला बोलावलं.

चिमटाताई फोन दुरुस्त करते. पन्नाशीची बाई, कानामागे पेन्सिलीसारखा बारीक चिमटा अडकवलेला असतो म्हणून हे नाव. बोलतानाही चिमटे काढते, तेव्हा नाव दोन्हीकडून शोभतं. आमचं मिस्ड कॉलचं यंत्र तिनेच बसवलंय आणि वर्षभरात ते एकदाही रुसलं नाही, हे तिला माहीत आहे आणि ती ते कुणाला विसरू देत नाही.

तिने यंत्राचं झाकण उघडलं, बघितलं, लावलं.

‘‘ठणठणीत आहे. कॉल मास्तरांच्याच फोनवरून आलाय आणि पुढच्या कप्प्यातलाच नंबर लावलाय. कुणीतरी कप्पा फोडलाय, यात शंका नाही.’’

‘‘पण चौकोन खोटा आहे,’’ मी म्हणालो.

‘‘यंत्र खोटं बोलत नाही, साहेब. जेवढं विचारलं तेवढंच बोलतं.’’

डॉक्टरांनी तेवढ्यात सिस्टरला आत बोलावलं होतं. सिस्टर म्हणजे आमची घरोघरी फिरणारी नर्स. दिवसाला नऊ-दहा किलोमीटर चालते, तीनशे घरांतल्या माणसांची नावं तिला तोंडपाठ. तिच्या भागातले चौकोन सगळ्यात हिरवे असायचे.

‘‘दोन वाजता कुठे होतात?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘फिरतीवर. मास्तरांच्या दुकानावरूनच आले. त्यांच्या भावाला म्हटलं, पांघरूण पाठव, इथली चादर पातळ आहे.’’

‘‘मास्तरांच्या दुकानावरून. आणि फोन दुकानातच असतो.’’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ‘‘तुमच्या भागात एवढी हिरवळ कशी, हा प्रश्न मला आधीच पडायला हवा होता. पेशंट गोळ्या टाकून देतात, तुम्ही कप्पे फोडता आणि कॉल देता. असंच ना?’’

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला आणि मग लाल झाला.

‘‘मी? त्या माणसाला पहिल्या आठवड्यात लघवी तांबडी झाली म्हणून रक्त समजून घाबरला होता, तेव्हा त्याच्याजवळ तासभर बसलेय मी. समजावलं, हा गोळ्यांचा रंग आहे. घामात उतरतो, डोळ्यांच्या पाण्यात उतरतो, शर्टाला डाग पडला तरी घाबरायचं नाही. अशा माणसाला मी मारेन? हिरवेभाऊ, तुम्ही तरी सांगा ना!’’

मी सांगायला हवं होतं. दहा वर्षं ओळखतो मी तिला. पण माझा चौकोन खोटा ठरण्यापेक्षा सिस्टर खोटी ठरलेली मला त्या क्षणी सोयीची वाटली, आणि मी टेबलाकडे बघत राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

‘‘रंगावरून कळणार नाही का, त्यांनी घेतल्यात की नाही ते?’’ चिमटाताईने विचारलं.

‘‘रंग एका दिवसात निघून जातो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘सोमवारी दाखल करताना कुणी बघितलं नाही, आणि त्यांना उलट्या होतात म्हणून इथे गोळ्या बंदच ठेवल्यात. आता बघून उपयोग नाही.’’

‘‘मग मला एक सांगा.’’ चिमटाताई माझ्या स्क्रीनसमोर वाकली. ‘‘आज बुधवार, हिरवा. काल मंगळवार, मास्तर इथेच होते. तो लाल का?’’

‘‘लालच असणार. माणूस दवाखान्यात, गोळी कुठून घेणार?’’

‘‘माणूस आजही दवाखान्यातच आहे,’’ ती म्हणाली. ‘‘ज्याला नोंद हिरवी दाखवायचीय तो एकही दिवस सोडत नाही. हे खोटं बोलणाऱ्याचं काम नाही, डॉक्टर. खोटं बोलणारा काल गप्प बसला नसता. सिस्टरला कारवाईचं पत्र देऊ नका अजून. उद्या आठपर्यंत थांबा.’’

‘‘आठपर्यंतच,’’ डॉक्टर म्हणाले.

चिमटाताईने माझ्याकडे वळून चप्पल पायात सरकवली. ‘‘चला साहेब. जरा खिडकीच्या बाहेर या.’’

३

मास्तरांचं दुकान म्हणजे दोन शिलाई यंत्रं, एक लांब टेबल आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टांचे ढीग. घर मागेच, मधे एक पडदा. मास्तरांचा धाकटा भाऊ काजं करत बसला होता. त्याला सगळे काजवाला म्हणतात. कानाने त्याला अगदी कमी ऐकू येतं, त्यामुळे तो फोन ठेवत नाही. आम्ही आत शिरताच त्याला खोकल्याची मोठी उबळ आली आणि मी चिमटाताईला कोपराने खुणावलं.

‘‘खोकला किती दिवस आहे?’’ तिने त्याच्या कानाशी ओरडून विचारलं.

‘‘वीस वर्षं! कापसाचा भुगा! सिस्टरने दोनदा थुंकी तपासली, काही नाही!’’ तोही ओरडला. आपण हळू बोलतोय असं त्याला वाटत असावं.

‘‘दादा गोळ्या घ्यायचे ना रोज?’’

‘‘घ्यायचा तर! उपाशीपोटी घ्यायचा, मग अर्धा तास चहा नाही. मला त्याच्याबरोबरच चहा लागतो, त्याच्यापायी माझीही उपासमार.’’ मग जरा थांबून तो म्हणाला, ‘‘म्हणजे पहिल्यांदा रोज तसं. नंतर बरं चाललं होतं. एक दिवस चहा उशिरा, एक दिवस वेळेवर. मी कशाला विचारतोय? मिळाला तेव्हा प्यायलो.’’

मी हसलो. चिमटाताई हसली नाही.

फोन खिळ्याला टांगलेल्या कापडी पिशवीत होता. जुना, बटणांचा. त्याच्या खाली बटणांच्या डब्यांची रांग, आणि त्यातल्या एका डब्यात औषधाची पाकिटं. तिने ती टेबलावर पसरली. रिकामे कप्पे नीट ओळीने फोडलेले, कात्रीने कापल्यासारखे. शिंप्याचं काम. मी मोजले. सत्तर कप्पे रिकामे.

‘‘एकाहत्तर दिवस, त्यात कालचा एक लाल. सत्तर कॉल, सत्तर कप्पे. हिशेब चोख,’’ मी म्हणालो. ‘‘मग गोळ्या फेकल्या कुठे?’’

‘‘फेकल्या असं कोण म्हणालं?’’

तिने डब्याच्या तळाशी चिमटा घातला आणि चार घड्या घातलेला एक कागद वर काढला. उलगडून वाचला. वाचताना तिच्या भुवया वर गेल्या. मग तिने माझ्याकडे असं काही बघितलं, की मला उगाच शर्टाची कॉलर नीट करावीशी वाटली.

‘‘काय आहे?’’

‘‘तुमच्याच कामाचं आहे. वेळ आली की देते.’’ कागद तिच्या पिशवीत गेला.

पडदा सरकला आणि मास्तरांची बायको बाहेर आली. उंच, हाडापेराने मजबूत बाई. साबणाच्या कारखान्यात वड्या बांधायला जाते, पहाटे सहा ते दुपारी दोन. अंगाला साबणाचा वास येत होता.

‘‘कसे आहेत ते?’’ तिने पहिलं हेच विचारलं.

‘‘तसेच,’’ चिमटाताई म्हणाली. ‘‘उद्या सकाळी मोठ्या रुग्णालयात पाठवणार आहेत. या गोळ्या त्यांना लागू पडल्या नाहीत, असं डॉक्टरांना वाटतंय. आता फार जड औषध देणार. सोसेल की नाही, त्यांनाही सांगता येत नाही.’’

‘‘लागू पडल्या नाहीत?’’ ती टेबलाला धरून उभी राहिली. ‘‘पण मग...’’ आणि ती थांबली. तिने माझ्याकडे बघितलं, का कोण जाणे, माझ्याकडेच, आणि ओठ घट्ट मिटले.

‘‘आज दुपारी या फोनवरून कॉल कुणी केला?’’ मी दरडावलं.

त्यावर तिला रडूच कोसळलं. टेबलावरची पांढऱ्या कापडाची कातरण उचलून तिने डोळ्यांना लावली, पुन्हा पुन्हा पुसत राहिली आणि शेवटी कातरण तिथेच टाकून पडद्याआड गेली.

‘‘ही काहीतरी लपवतेय,’’ मी म्हणालो.

चिमटाताईने चिमट्याने ती ओली कातरण उचलली आणि कोऱ्या कागदात घडी घालून ठेवली. मला वाटलं, बाई आता वयोमानाने असं काहीतरी करायला लागली.

४

केंद्रात परत आलो तेव्हा पाच वाजले होते. चिमटाताईने खुर्ची ओढली.

‘‘साहेब, या चौकोनात वेळ दिसत नाही?’’

‘‘दिसते, पण आत तीन पानं जावं लागतं. कोण जातं? घेतली की नाही, एवढं पुरतं.’’

‘‘आज जा.’’

मी गेलो. वर्षभरात पहिल्यांदा. पांढऱ्या पानावर नुसत्या तारखा आणि वेळा.

‘‘वाचा मोठ्याने.’’

‘‘एक तारीख, सात दहा. दोन तारीख, सात दहा. तीन, सात बारा. चार, सात दहा. माझा निरोप सातला जातो, दहा मिनिटांत कॉल. शिस्तीचा माणूस.’’ मी वाचत गेलो. ‘‘अकरा, सात दहा. बारा, सात अकरा. तेरा, दोन वीस.’’

‘‘दुपारी?’’

‘‘दुपारी. चौदा, सात दहा. पंधरा, दोन बावीस. सोळा, सात दहा. सतरा, दोन वीस...’’

माझा आवाज आपोआप खाली आला. पुढची सगळी पानं तशीच होती. एक दिवस सकाळ, एक दिवस दुपार. दोन महिने, एकदाही न चुकता. थेट या आठवड्यापर्यंत: रविवारी सात दहा, सोमवारी दोन वीस, मंगळवारी काही नाही, आणि आज दोन वीस.

‘‘चहा एक दिवस उशिरा, एक दिवस वेळेवर,’’ चिमटाताई म्हणाली.

सिस्टर दारात उभी होती, कधी आली कळलं नव्हतं. ती पुढे आली आणि स्क्रीनकडे बघत म्हणाली, ‘‘दोन माणसं आहेत.’’

‘‘दोन माणसं,’’ चिमटाताई म्हणाली. ‘‘सकाळचा मास्तर. त्याची पाळी मंगळवारी होती, तो इथे पडला होता, म्हणून चौकोन लाल. आज दुसऱ्याची पाळी होती, म्हणून हिरवा. प्रत्येक कॉल खरा आहे. प्रत्येक कॉलमागे कुणीतरी गोळी गिळलीय. फक्त कुणी, ते यंत्राला कुणी विचारलं नव्हतं.’’

‘‘काजवाला!’’ मी म्हणालो. ‘‘तो खोकतो.’’

‘‘तो दिवसभर दुकानातच असतो. दोन वीसची वाट कशाला बघेल? दुपारी दोनला कुणाची पाळी सुटते?’’

तिने कागदाची घडी उलगडली. कातरण आता सुकली होती. पांढऱ्या कापडावर जिथे जिथे डोळे टेकले होते, तिथे फिकट केशरी डाग पडले होते.

सिस्टरने ते कापड हातात घेतलं आणि बाकावर बसली. ‘‘डोळ्यांच्या पाण्यात उतरतो,’’ ती पुटपुटली. ‘‘मीच सांगितलं होतं. अहो, पण ती माझ्याशी रोज हसून बोलायची. एका शब्दाने का नाही बोलली?’’

‘‘लाज वाटली असेल,’’ मी म्हणालो. ‘‘लोक आजार लपवतात.’’

‘‘हो का?’’ चिमटाताईने पिशवीवर हात ठेवला. ‘‘बोलवा तिला. मास्तरांच्या खाटेपाशीच बोलू. आणि साहेब, तुमचा चिठ्ठ्यांचा पॅड बरोबर घ्या.’’

५

ती आली तेव्हा डॉक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मास्तर जागे होते, पण मास्कमुळे नुसते बघत होते. तिने त्यांचा हात हातात घेतला.

चिमटाताईने सगळं सांगितलं, न दुखवता आणि न टाळता. चहाचं, वेळांचं, कातरणीचं. शेवटी ती म्हणाली, ‘‘बाई, तुमचा नवरा या गोळ्यांनी बरा होत नाही असं नाही. त्याने दोन महिने निम्म्याच घेतल्यात. हे तुम्ही आज बोलला नाहीत, तर उद्या आठला त्याला नको ते औषध सुरू होईल.’’

‘‘नाव रद्द करतील ना त्यांचं?’’ ती म्हणाली.

‘‘कोण?’’ डॉक्टरांनी विचारलं.

‘‘फोनमध्ये रोज सांगतात. औषध दुसऱ्याला दिलं तर नाव रद्द. ते घरी असेपर्यंत भीती होती, की माझ्यामुळे त्यांचं औषध तुटेल. दवाखान्यात आले तेव्हा वाटलं, आता तर दाखल केलंय, आता बरे होतीलच. बोलून कशाला घालवू?’’ तिने पदराने नाक पुसलं. ‘‘मला खोकला त्यांच्यामागून आठ दिवसांनी लागला. मी म्हटलं, तुम्ही घ्या, मी राहीन तशीच. तर हे ऐकेनात. म्हणाले, एक दिवस तू, एक दिवस मी, दोघं हळूहळू बरे होऊ. माझ्या दिवशी गोळी माझ्या हातात देऊन, गिळेपर्यंत समोर उभे राहायचे. पहाटे घेतली की मला कारखान्यातल्या पट्ट्यावर उलटी होते, म्हणून दुपारी. मी बरी झाले. हे मात्र झाले नाहीत. मला कळत होतं, डॉक्टर. रोज कळत होतं.’’

मास्तरांनी मास्कआड मान हलवली, नाही नाही अशी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते स्वच्छ होतं.

‘‘पण आज कॉल का केलात?’’ मी विचारलं. ‘‘केला नसतात तर कुणाला काही कळलं नसतं.’’

तिला माझा प्रश्नच कळला नाही. ‘‘गोळी घेतली की फोन करायचा, असं रोज सांगता ना? माझा दिवस होता. घेतली, केला. घेतल्याशिवाय आम्ही एकदाही केलेला नाही.’’

डॉक्टरांनी खिशातून गाडीचा कागद काढला आणि त्यावरचं मास्तरांचं नाव खोडलं.

‘‘गाडी जाईल. मास्तर जाणार नाहीत. दोघांच्या थुंकीच्या बाटल्या जातील. निम्म्या औषधाने जंतू माजायला लागलेत का, ते तीन आठवड्यांनी कळेल. तोपर्यंत उलटी थांबवून याच गोळ्या, पहिल्या दिवसापासून, रोज, माझ्या डोळ्यांसमोर. दोघांना. दोन पाकिटं.’’ ते सिस्टरकडे वळले. ‘‘सिस्टर, मी तुम्हाला जे बोललो ते चुकीचं होतं. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो.’’

‘‘ते नंतर बघू,’’ सिस्टर म्हणाली. ती आधीच मास्तरांच्या बायकोजवळ जाऊन बसली होती. ‘‘पण काय गं, आधीच केंद्रात यायचं. तुला कुणी औषध नाही म्हटलं असतं का?’’

‘‘आले होते की,’’ ती म्हणाली.

चिमटाताईने पिशवीतून तो चार घड्यांचा कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

६

कागद माझ्याच पॅडातला होता. अक्षर माझं, शिक्का माझा. तारीख बारा.

‘हा मोबाईल नंबर आधीच दुसऱ्या रुग्णाच्या नावे नोंदलेला आहे. दुसरा नंबर घेऊन या.’

बारा तारखेला तिने ही चिठ्ठी घरी नेली आणि तेराला पहिला दोन वीसचा कॉल आला. इतकं सरळ होतं. घरात फोन एकच, दिराला ऐकू येत नाही, कारखान्यात फोन नेऊ देत नाहीत. दुसरा नंबर ती कुठून आणणार होती? ती खोकत माझ्या खिडकीशी उभी राहिली असणार. माझ्यासमोर एक आजारी माणूस होता आणि मी चौकोनांचा गोंधळ होऊ नये म्हणून त्याला परत पाठवलं. मला तिचा चेहराही आठवत नव्हता. खिडकीतून मला फक्त हात दिसतात.

‘‘मला वाटलं, नियम वरून आलाय,’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘माझाच आहे.’’

मास्तरांच्या बायकोपुढे मी हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही, फारसं बोलता आलंही नसेल. ती गोंधळून म्हणाली, ‘‘अहो साहेब, असू दे, तुम्हाला तरी काय माहीत.’’ तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

खिडकीमागे येऊन मी दिवा लावला. चिमटाताई माझ्यामागे आली होती.

‘‘एका नंबरवर दोन चौकोन बसतात का हो यंत्रात?’’ मी विचारलं.

‘‘दोन काय, दहा बसतात. कप्प्यातला नंबर वेगळा असतो ना, त्यावरून यंत्राला कळतं कुणाचं पाकीट. मला कुणी विचारलंच नाही.’’ तिने माझ्या हातातल्या पॅडकडे बोट केलं. ‘‘स्थळप्रत ठेवता ना? शिस्तीचे माणूस तुम्ही.’’

ठेवतो. प्रत्येक चिठ्ठीचा अर्धा भाग पॅडाला चिकटलेला असतो, त्यावर तारीख, कारण आणि नंबर. मी वर्षभराचे पॅड खणातून काढले आणि आम्ही दोघं बसलो. फोटो आणा, ओळखपत्र आणा, अर्ज पुन्हा भरा, या सगळ्या मी बाजूला केल्या. ‘दुसरा नंबर घेऊन या’ अशा एकोणीस निघाल्या. रजिस्टरशी ताडून बघितल्या. दुसरा नंबर घेऊन परत आलेले पाच. मास्तरांची बायको सहावी.

‘‘तेरा,’’ चिमटाताई म्हणाली. तिने या वेळी चिमटा काढला नाही.

तेरा माणसं कुठेतरी खोकत होती. काही जण कुणाचं तरी पाकीट वाटून घेत असतील, काही काहीच घेत नसतील. माझ्या स्क्रीनवर त्यांच्यासाठी लाल चौकोनसुद्धा नव्हता. पण प्रत्येकाचा नंबर माझ्या सुवाच्य अक्षरात माझ्यासमोर होता, आणि नेटकेपणाचा आयुष्यात पहिल्यांदा खरा उपयोग होणार होता. सापडतील. सगळे सापडतील. नाही उचलला फोन तर सिस्टरबरोबर मी चालेन, नऊ किलोमीटर तर नऊ.

मी पहिली स्थळप्रत उघडली, केंद्राचा फोन ओढला आणि नंबर फिरवला. या फोनला एका रिंगमध्ये कापायची सवय नाही. रिंग वाजत राहिली. चौथ्या रिंगला कुणीतरी उचलला. आधी खोकला ऐकू आला, मग एका बाईचा आवाज.

‘‘कोण?’’

‘‘खिडकीवाला बोलतोय, आरोग्य केंद्रातून,’’ मी म्हणालो. ‘‘दुसरा नंबर नको. तुम्ही या.’’